सत्यकथेचे सोंग : ‘फार्गो’ चित्रपट आणि त्यावरून झालेली मालिका

दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त नाट्यवस्तूचे तीन प्रकार सांगितले आहेत. इतिहासपुराणांतून घेतलेली वस्तू ती प्रख्यात, कवीने स्वबुद्धीने निर्मिलेली ती उत्पाद्य, आणि दोहोंची सरमिसळ झाली म्हणजे ती मिश्र. या वर्गीकरणामागे एक गृहीत आहे. समोर चाललेली कथा कोणत्या प्रकारात मोडते हे प्रेक्षकास ठाऊक असते आणि त्या जाणिवेनेच तो तिचा आस्वाद घेतो. शकुंतलेचे आख्यान महाभारतातले आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच दुर्वासाच्या शापाची योजना ही कालिदासाची भर आहे हे उमगते. उलट ‘मालतीमाधवा’चे कथानक भवभूतीने रचलेले आहे हे जाणणारा प्रेक्षक त्यात इतिहास शोधीत बसत नाही. वस्तू सर्वस्वी उत्पाद्य असावी आणि कवीने मात्र ती प्रख्यात असल्याची ग्वाही प्रारंभीच द्यावी, असा चौथा प्रकार धनंजयाच्या यादीत नाही. अमेरिकेतील ‘फार्गो’ हा चित्रपट आणि त्यावरून निघालेली त्याच नावाची दूरचित्रवाणी मालिका या चौथ्या प्रकारात मोडतात. चित्रपट १९९६ सालचा. मालिकेचे पहिले पर्व २०१४ साली आले आणि पाचवे २०२४ च्या जानेवारीत संपले. या पाच पर्वांत चित्रपटातील एकही प्रमुख पात्र नाही. कथानकही प्रत्येक पर्वात निराळे आहे. मग मालिकेने चित्रपटापासून घेतले तरी काय, हा प्रश्न रूपांतराचा अभ्यास करणाऱ्यास टाळता येण्यासारखा नाही.

चित्रपट जोएल आणि ईथन या कोएन बंधूंचा. दोघेही मिनेसोटा राज्यातील मिनिॲपोलिस शहराच्या एका उपनगरात वाढलेले. तेथील कडाक्याचा हिवाळा, स्कँडिनेव्हियातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचा बोलण्यातील हेल, आणि राग, दुःख, मतभेद या सर्वांवर सौजन्याचे पांघरूण घालण्याची लोकरीत ही त्यांनी लहानपणापासून पाहिलेली होती. कथा १९८७ सालच्या हिवाळ्यात घडते. जेरी लुंडेगार्ड हा मोटारविक्रेता पैशाच्या लफड्यात सापडला आहे. धनाढ्य सासऱ्याकडून रक्कम उकळण्यासाठी तो आपल्याच पत्नीच्या अपहरणाचे काम दोन भाडोत्री गुंडांना देतो. कोणाला इजा न होता सर्व उरकेल असा त्याचा हिशेब असतो. परंतु अपहरणानंतर ब्रेनर्ड गावाजवळच्या निर्जन रस्त्यावर एक पोलीस आणि दोन वाटसरू मारले जातात, आणि तपास ब्रेनर्डची पोलीसप्रमुख मार्ज गुंडरसन हिच्याकडे येतो. ही सात महिन्यांची गरोदर, खाण्याची आवड असलेली, कधीही आवाज न चढविणारी स्त्री हा चित्रपटाचा खरा आधार आहे. या भूमिकेसाठी फ्रान्सेस मॅकडोरमंड यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. चित्रपटाला ज्या शहराचे नाव आहे ते फार्गो शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात असून, गुंडांशी सौदा ठरतो तो प्रारंभीचा एकच प्रसंग तेथे घडतो. म्हणजे नावापासूनच प्रेक्षकाला किंचित चकविलेले आहे.

मोठा चकवा मात्र पहिल्या पडद्यावर आहे. कथा सुरू होण्यापूर्वी एक निवेदन झळकते. ही सत्यकथा आहे, चित्रित घटना १९८७ साली मिनेसोटात घडल्या, वाचलेल्यांच्या विनंतीवरून नावे बदलली आहेत, आणि मृतांविषयीच्या आदरापोटी बाकी सर्व जसे घडले तसे सांगितले आहे, अशा आशयाची ही चार वाक्ये. यांतील एकही खरे नाही. कोएन बंधूंनी पुढे सांगितले त्याप्रमाणे दोन तपशील तेवढे बाहेरून आलेले आहेत : मोटारींचे अनुक्रमांक अस्पष्ट करून वित्तकंपनीला फसविणाऱ्या एका इसमाची हकीकत, आणि १९८६ साली कनेक्टिकट राज्यात घडलेल्या एका खुनात लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्राचा झालेला उपयोग. बाकी सर्व कल्पित. चित्रपटाच्या अखेरीस, श्रेयनामावलीच्या शेवटी, सर्व पात्रे काल्पनिक असल्याची नेहमीची कायदेशीर ओळही आहे. ती वाचण्यापूर्वीच प्रेक्षक उठून गेलेला असतो. आणि गंमत अशी की, सत्यकथा म्हणून मिरविणाऱ्या या चित्रपटाला पटकथेचे ऑस्कर मिळाले ते स्वतंत्र पटकथेचे.

या चार वाक्यांची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. नावे बदलली आहेत असे एकदा म्हटले की पडताळा घेण्याचा मार्गच बंद होतो. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत जेरी लुंडेगार्ड सापडला नाही तर त्याने दावा खोटा ठरत नाही, उलट पक्काच होतो. दुसरे असे की, या वाक्यांत जिवंतांना आणि मृतांना निरनिराळे हक्क वाटून दिलेले आहेत. जिवंतांना लपण्याचा हक्क, मृतांना सत्याचा. लेखक या दोहोंच्या मध्ये विश्वस्ताच्या नात्याने उभा राहतो. थट्टेने घेतलेली ही भूमिका आहे खरी. पण ती घेतल्यामुळे पडद्यावर सांडणाऱ्या रक्ताला वेगळे वजन येते. खोट्या रक्ताकडे पाहून प्रेक्षक हसला असता; हे रक्त कोणाचे तरी होते या समजुतीने तो हसता हसता अडखळतो. मराठी वाचकाला येथे ‘सत्यकथा’ मासिकाची आठवण होणे साहजिक आहे. १९३३ पासून १९८२ पर्यंत चाललेल्या त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर सत्याचे नाव होते आणि आत नवकथेचे सर्व प्रयोग होते. परंतु त्या नावाने कोणी फसले नाही, कारण आत वाङ्मय आहे हा करार वाचक आणि संपादक यांच्यात आधीच झालेला होता. ‘फार्गो’ हा करार न करताच कथा सांगू लागतो.

चित्रपटाच्या आतही सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवावा की नाही हाच पेच आहे. तपासासाठी मिनिॲपोलिसला आलेल्या मार्जला माइक यानागिता नावाचा एक जुना वर्गमित्र भेटतो, आपली पत्नी आजाराने वारल्याचे सांगून रडतो, आणि मार्जला त्याची कीव येते. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीकडून तिला कळते की, ज्या स्त्रीला तो मृत म्हणाला ती जिवंत आहे आणि तिच्याशी त्याचे लग्न कधी झालेच नव्हते. मुख्य कथानकाशी या प्रसंगाचा काही संबंध नाही अशी तक्रार अनेकदा केली जाते. ती वरवरची आहे. हा खुलासा ऐकल्यानंतरच मार्ज पुन्हा जेरीकडे जाते आणि त्याने पूर्वी हसतमुखाने दिलेली उत्तरे नव्याने तपासते. इतक्या साध्या, रडक्या माणसाने खोटे रचले असेल तर हा सौजन्यशील विक्रेताही रचू शकेल, हे तिच्या ध्यानात येते. मार्जला जो धडा मिळतो तोच प्रेक्षकालाही मिळावा अशी योजना आहे. फक्त प्रेक्षकाला तो अखेरच्या ओळीत मिळतो.

सोंगाची झळ मात्र पडद्याबाहेर लागली. २००१ च्या नोव्हेंबरात मिनेसोटातील डेट्रॉइट लेक्स या गावाजवळ एका जपानी तरुणीचा मृतदेह सापडला. चित्रपटात एक गुंड खंडणीची बहुतेक रक्कम कुंपणाजवळच्या बर्फात पुरून ठेवतो आणि ती कोणाच्याही हाती लागत नाही. ती रक्कम खरोखरीच तेथे आहे असे समजून ही तरुणी टोकियोहून आली आणि थंडीने गोठून मेली, अशी वार्ता जगभर पसरली. पुढे चौकशीत, आणि २००३ साली तिच्यावर निघालेल्या एका माहितीपटात, निराळेच चित्र दिसले. तिने स्वतःच जीवन संपविले होते आणि तिची दुःखे सर्वस्वी खाजगी होती. खजिन्याची गोष्ट तिच्या तुटक इंग्रजीतून आणि पोलिसांच्या गैरसमजुतीतून उगवली होती. म्हणजे चित्रपटाने फसवून तिचा जीव घेतला ही कथाही पुन्हा एक कल्पित सत्यकथाच होती. तथापि ती इतक्या सहजपणे खरी मानली गेली आणि पुढे तिच्या आधारे २०१४ साली ‘कुमिको, द ट्रेझर हंटर’ हा चित्रपटही निघाला, याचा अर्थ उघड आहे. एका मृत स्त्रीच्या खऱ्या दुःखावर सोयीस्कर गोष्ट बसली आणि ते दुःख झाकले गेले. मृतांविषयीच्या आदरापोटी सर्व जसेच्या तसे सांगितले आहे, या वाक्याची थट्टा येथे संपते. मालिकेचा विचार करताना हा प्रसंग डोळ्यांआड करून चालणार नाही; कारण ज्या वाक्यांमुळे तो घडू शकला तीच वाक्ये मालिकेने उचलली आहेत.

मालिका करण्याचा पहिला प्रयत्न १९९७ सालीच झाला होता. मार्जच्या भूमिकेत ईडी फाल्को यांना घेऊन आणि कॅथी बेट्स यांच्या दिग्दर्शनाखाली एक प्रायोगिक भाग तयार झाला. मार्ज तीच, गाव तेच, दर आठवड्यास नवा गुन्हा, अशी ती कल्पना होती. मालिका पुढे निघालीच नाही, आणि तो भाग कित्येक वर्षे पडून राहून २००३ साली प्रक्षेपित झाला. पात्रे नेली की चित्रपट नेला, असे त्या वेळी समजले गेले होते. वस्तुतः मार्जचे मोल असे की, एवढा भयानक गुन्हा तिच्या आयुष्यात एकदाच येतो आणि तिला त्याचा उलगडा होत नाही. दर आठवड्यास असा गुन्हा पाहणारी मार्ज ही मार्ज राहतच नाही.

एफएक्स वाहिनीसाठी २०१४ साली नोआ हॉली यांनी जी मालिका निर्मिली ती कथासंग्रहात्मक आहे. या प्रकाराची परंपरा दूरचित्रवाणीत जुनी असून १९५५ साली सुरू झालेल्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या मालिकेत प्रत्येक भाग ही स्वतंत्र कथा असे. अलीकडे एका कथेला एक संपूर्ण पर्व देण्याची रीत पडली. २०११ ची ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ आणि २०१४ चीच ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ ही तिची ठळक उदाहरणे. मराठीत अशा खंडास पर्व म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द चांगला आहे. मात्र महाभारताची पर्वे एकच कथा पुढे नेतात आणि येथे प्रत्येक पर्वात कथा, काळ, नटवर्ग सारे बदलते, एवढे ध्यानात ठेवावे. मराठी रंगभूमीने पाश्चात्त्य नाटके आपलीशी केली ती बरोबर याच्या उलट मार्गाने. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’त किंवा देवलांच्या ‘झुंझाररावा’त शेक्सपिअरची वस्तू कायम राहिली आणि नावे-गावे बदलली. ‘फार्गो’ मालिकेत नाव आणि प्रदेश कायम राहिले, वस्तू गेली. राहिली ती आख्यानकाराची भूमिका. तीच चार वाक्ये, तपशिलापुरते साल व स्थळ बदलून, प्रत्येक भागाच्या प्रारंभी येतात. या मालिकेचे आजवर एकावन्न भाग झाले आहेत. चित्रपटात एकदाच आल्यामुळे जी फसवणूक होती ती एकावन्न वेळा आल्यावर फसवणूक राहत नाही. तिला नांदीचे रूप येते. प्रेक्षकाला आता ठाऊक असते की हे खरे नाही, आणि तरीही खरे मानून पाहायचे आहे.

पहिल्या पर्वात ही नवी स्थिती अजून पुरती वापरलेली नाही. ते २००६ साली बेमिजी आणि डुलुथ या मिनेसोटातील गावांत घडते. दबलेला विमाविक्रेता लेस्टर नायगार्ड हा जेरीचा वंशज, आणि उपअधिकारी मॉली सॉल्व्हरसन ही मार्जची. कारस्थानी मारेकरी लॉर्न माल्व्हो याचे पूर्वरूप मात्र ‘फार्गो’त नाही, ते कोएन बंधूंच्याच ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ या २००७ सालच्या चित्रपटातील अँटन शिगूरमध्ये आहे. हॉली यांनी एक चित्रपट नव्हे, दोन भावांची अखंड सृष्टी उगमस्थान मानली आहे, हे येथे प्रथम दिसते. चौथ्या भागात तर चित्रपटच इतिहास म्हणून पुढे येतो. बर्फात पुरलेली ती रक्कम १९८७ साली स्टाव्ह्रॉस मिलोस नावाच्या, देवाची करुणा भाकणाऱ्या एका निर्धन माणसाला सापडते आणि तिच्यावर तो दुकानांचे साम्राज्य उभारतो. पुढे भयाने तो ती पुन्हा त्याच जागी पुरतो, आणि परतताना त्याला आपला मुलगा अपघातात मरून पडलेला दिसतो. ज्या कल्पित पैशासाठी एक स्त्री मेली असे जगाने मानले, तो पैसा मालिकेने शोधून काढला, आणि सापडूनही तो कोणाच्या उपयोगी पडू दिला नाही. हा योगायोग असो वा नसो, त्यात एक प्रकारचे औचित्य आहे. या पर्वाला लघुमालिकेचे एमी पारितोषिक मिळाले.

दुसरे पर्व २०१५ सालचे, आणि पाचांत सर्वाधिक बांधेसूद. पहिल्या पर्वात मॉलीचे वडील लू सॉल्व्हरसन सू फॉल्स येथील १९७९ सालच्या हत्याकांडाचा ओझरता उल्लेख करतात. दुसरे पर्व म्हणजे त्या उल्लेखाचा विस्तार. तरुण लू व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला आहे, पत्नी कर्करोगाने आजारी, मॉली लहान. फार्गोचे गेरहार्ट घराणे आणि कॅन्सस सिटीची गुन्हेगारी संघटना यांच्या झगड्यात खाटीक एड ब्लमक्विस्ट आणि त्याची पत्नी पेगी हे दांपत्य चिरडले जाते. नवव्या भागाचा प्रारंभ एका जाडजूड ग्रंथापासून होतो. मध्य-पश्चिमेतील सत्य गुन्ह्यांचा इतिहास असे त्याचे नाव. पाने उलटली जातात आणि मार्टिन फ्रीमन यांच्या आवाजातील निवेदक इतिहासकाराच्या थाटात हकीकत सांगू लागतो. ग्रंथ अर्थातच कल्पित. पण त्यामुळे सर्व पर्वे एकाच बखरीची प्रकरणे होतात आणि मूळ चित्रपट हेही तिचे एक प्रकरण ठरते : १९५०, १९७९, १९८७, २००६, २०१०, २०१९. विशेष म्हणजे हा निवेदक सर्वज्ञ नाही. गेरहार्टांचा विश्वासू नोकर हॅन्झी धन्यावर का उलटला यासंबंधी तो निश्चित निर्णय न देता तर्क करतो. खऱ्या इतिहासकाराची खूण माहितीच्या भरपुरीपेक्षा अज्ञानाच्या कबुलीत अधिक असते, हे बनावट इतिहास लिहिणाऱ्याने बरोबर हेरले आहे. हत्याकांडाच्या ऐन वेळी आकाशात एक उडती तबकडी येते. ती कोठून आली याचा खुलासा नाही. जे घडले ते सांगितले, एवढाच बखरकाराचा आव.

तिसऱ्या पर्वात, २०१७ साली, सत्याच्या दाव्याचा रोख प्रथमच सत्तेकडे वळला. पर्व मिनेसोटातले असले तरी त्याचा पहिला प्रसंग १९८८ सालच्या पूर्व बर्लिनमध्ये, एका अधिकाऱ्याच्या कचेरीत घडतो. समोर बसविलेल्या माणसावर युरी गुर्का या नावाने खुनाचा आरोप आहे. आपण तो नव्हेच, त्या घरात आपण नंतर राहावयास आलो, असे तो परोपरीने सांगतो. अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, याचे बोलणे खरे मानले तर शासनाची नोंद चुकीची ठरेल, आणि ते संभवत नाही. म्हणून याचे म्हणणे ही गोष्ट आणि नोंद हे सत्य. या प्रसंगानंतर जेव्हा नेहमीची चार वाक्ये पडद्यावर येतात तेव्हा ती विनोदी राहत नाहीत, धमकीसारखी वाटतात. पुढील कथा एमिट आणि रे स्टसी या भावांच्या वैराची. परंतु तिच्यावर सावली आहे ती व्ही. एम. वार्गा या घुसखोर धनकोची. एमिट शेवटी आपल्या हातून भाऊ मेल्याची कबुली ग्लोरिया बर्गल या अधिकारी स्त्रीजवळ देतो. तोवर वार्गाने स्टसी आडनावाच्या आणखी माणसांचे खून घडवून आणून एक तयार आरोपी उभा केलेला असतो. त्याचा कबुलीजबाब अधिक सुबक असतो. वरिष्ठांना तो पटतो आणि खरी कबुली कवडीमोल होते. ग्लोरियाला स्वयंचलित दारेसुद्धा ओळखीत नाहीत, ती समोर उभी राहिली तरी उघडत नाहीत. एखाद्या माणसाचे असणेच नोंदीतून गळून पडावे अशी तिची अवस्था हॉली यांनी या साध्या खुणेने दाखविली आहे. अखेरीस, काही वर्षांनंतर, ती आणि वार्गा एका बंद खोलीत समोरासमोर बसतात. दार उघडून कोण येणार यासंबंधी दोघे दोन भविष्ये सांगतात आणि दार उघडण्यापूर्वीच पर्व संपते. बनावट सत्यकथेने सत्याचा निकाल देण्याचे नाकारावे, ही या प्रकाराच्या दृष्टीने मोठी प्रामाणिकपणाची जागा आहे.

चौथ्या पर्वाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. २०२० साली आलेले, १९५० च्या कॅन्सस सिटीत घडणारे, इटालियन आणि कृष्णवर्णीय टोळ्यांनी समेटाखातर एकमेकांचे मुलगे बदलून वाढविण्याच्या प्रथेवर उभारलेले हे पर्व कल्पनेने समृद्ध आहे. कोएन बंधूंच्या ‘मिलर्स क्रॉसिंग’चा ठसाही त्यावर दिसतो. परंतु येथील माणसे इतकी आणि भाषणे इतकी लांब की, घडले तसे सांगितल्याचा आभासच उरत नाही. अखेरच्या दृश्यात सॅचेल हा मुलगाच पुढे दुसऱ्या पर्वातील माइक मिलिगन झाला हे उघड होते, आणि तेवढ्यापुरते पर्व बखरीशी जोडले जाते. चित्रणस्थळांबाबतही एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. हे पर्व शिकागोत चित्रित झाले. इतर चार पर्वांतील बर्फाळ मिनेसोटा मुख्यतः कॅनडातील कॅलगरी व आसपासचा प्रदेश आहे.

पाचवे पर्व २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. चित्रपटाने एक ऋण बाकी ठेवले होते आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. ते ऋण जेरीच्या पत्नीचे, जीन लुंडेगार्डचे. चित्रपटात दोन मुखवटेधारी घरात शिरतात तेव्हा ती विणकाम करीत दूरचित्रवाणी पाहत असते; स्नानगृहात लपते, पडद्यात गुरफटून जिन्यावरून गडगडते, आणि तो प्रसंग हास्यकारक म्हणून चित्रित केला आहे. पुढे डोक्यावर टोपडे घातलेली ती इकडून तिकडे नेली जाते आणि अखेर पडद्याबाहेरच मारली जाते. मृतांविषयीच्या आदराची प्रतिज्ञा करणाऱ्या चित्रपटात तिच्या मृत्यूला एक वाक्यही नीट लाभलेले नाही. पाचव्या पर्वाच्या पहिल्या भागात हाच प्रसंग पुन्हा मांडलेला आहे : तेच विणकाम, तेच दार, तसेच दोन मुखवटेधारी. फक्त या वेळी घरातील स्त्री, डॉट लायन, लढते. पेटत्या फवाऱ्याने एकाला भाजून काढते. पळवून नेल्यावर वाटेत निसटते, एका जखमी पोलिसाचा जीव वाचविते आणि रातोरात घरी परतते. सकाळी ती पतीसाठी न्याहारी बनवीत असते. कोठे होतीस असे विचारता, काही घडलेच नाही असे सांगते.

चित्रपटात पतीने रचलेले खोटे अपहरण खरे म्हणून सांगितले जाते. येथे खरे अपहरण घडलेच नाही म्हणून सांगितले जाते. ही उलटापालट चमत्कृतीसाठी केलेली नाही, तिला कारण आहे. डॉट ही पूर्वीची नादीन. नॉर्थ डकोटातील शेरीफ रॉय टिलमन याची पळून आलेली पत्नी. रॉय हाच कायदा असल्यामुळे तिने सत्य सांगावे अशी जागाच उरलेली नाही. वाचलेल्यांच्या विनंतीवरून नावे बदलली आहेत, हे वाक्य १९९६ साली थट्टेने लिहिले गेले. पाचव्या पर्वात ते अक्षरशः खरे होते. मरणातून वाचलेल्या एका स्त्रीने स्वतःचे नाव बदलले आहे, आणि ते बदललेले राहावे यावर तिचा जीव अवलंबून आहे. पंचवीसांहून अधिक वर्षांनंतर एका थट्टेला तिचा अर्थ सापडला, असे म्हणावयास हरकत नाही. जीनला हसलेल्या प्रेक्षकाला या पर्वात त्या हसण्याकडे परत पाहावे लागते.

सातव्या भागात डॉट रॉयची पहिली पत्नी लिंडा हिच्या शोधात स्त्रियांच्या एका वस्तीत पोहोचते. तेथे प्रत्येक पीडित स्त्रीने स्वतःची बाहुली घडवावयाची आणि तिच्याकरवी आपली हकीकत सर्वांपुढे मांडावयाची असा नियम आहे. डॉटही आपली बाहुली करते, आणि तिच्या तोंडून निघू न शकलेले सर्व त्या कळसूत्री खेळातून बाहेर येते. नंतर कळते की ती वस्ती नव्हती, लिंडा नव्हती. रस्त्यावरच्या खानावळीत बसल्या जागी तिला पडलेले ते स्वप्न होते. म्हणजे कल्पित मालिकेतील कल्पित स्त्रीच्या स्वप्नातील लाकडी बाहुली हे या पर्वातील सर्वांत सत्य निवेदन करते. वस्तू उत्पाद्य आहे, दावा प्रख्यातत्वाचा आहे, आणि ज्या हकीकतीसाठी तो दावा केला ती असंख्य घरांत घडत असल्यामुळे दावा खोटाही म्हणवत नाही. धनंजयाच्या मिश्र प्रकाराची व्याख्या इतकी ताणता येईल की नाही, हे नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांनी ठरवावे.

एक आक्षेप मात्र उरतो. डॉटला पळविणाऱ्यांपैकी ओले मंच हा १५२२ साली वेल्समध्ये दोन नाण्यांच्या मोबदल्यात एका श्रीमंताची पापे अन्नासह खाणारा पापभक्षक असल्याचे दाखविले आहे, आणि तो तेव्हापासून मेलेला नाही. अखेरच्या भागात तो ऋण वसूल करण्यासाठी डॉटच्या घरी येतो; ती, तिचा पती आणि मुलगी त्याला स्वयंपाकघरात नेतात, पीठ मळावयास लावतात आणि भाजलेला गरम घास त्याच्या हाती देतात. प्रसंग हृद्य आहे. परंतु पाचशे वर्षे जगलेला माणूस जसे घडले तसे सांगण्याच्या प्रतिज्ञेत कोणत्याही रीतीने बसत नाही, आणि उडत्या तबकडीला दिलेली सवलत त्याला देता येत नाही. तबकडी येऊन जाते. मंचच्या हातच्या त्या घासावर सबंध पर्वाचा शेवट तोललेला आहे. डॉटचे दुःख खरे वाटावे यासाठी जी वाक्ये प्रत्येक भागाच्या आरंभी लिहिली गेली, त्यांचाच भार हॉली यांनी शेवटी एका दंतकथेवर टाकला आहे.